काही न घडलेल्या वर्षाचा शुक्र

पूर्वी घरोघरी पत्रे येत, तेव्हा उर्दू पत्राची सुरुवात ठरलेली असे. 'यहाँ सब खैरियत है और आपकी खैरियत खुदा से नेक मतलूब है.' इकडे सारे कुशल आहे आणि तुमचे कुशल आम्ही खुदाकडे मागतो आहोत, असा त्याचा अर्थ. जुन्या मराठी पत्रांचा मायनाही याच चालीचा होता. 'येथील कुशल तागायत अमुक तिथी जाणोन स्वकीय कुशल लिहीत असावे.' यातला 'तागायत' फारसीतून आला आणि मराठीत इतका मुरला की, आज 'आजतागायत' म्हणताना तो बाहेरचा आहे असे कुणाच्या मनातही येत नाही. दोन्ही भाषांचा दंडक एकच. आधी खुशाली, मग मजकूर. मजकुरात काय असे? कुणाचे लग्न ठरले, कुणी आजारी पडले, शेताचा तंटा कचेरीत गेला, पाऊस झाला किंवा झाला नाही. खुशालीला एक ओळ आणि घडामोडींना पानभर जागा.

यंदाचा रमजान लागला, तेव्हा मी गेल्या ईदपासूनचे आमच्या घरचे वर्ष मनातल्या मनात मोजून पाहिले. पत्र लिहायचे झाले असते, तर मायन्याखाली लिहायला माझ्याकडे काही नव्हते. सारे वर्ष खुशालीच्या त्या एका ओळीत संपत होते. मोठे काही मिळाले की आपण शुक्रान्याची नमाज पढतो, मिठाई वाटतो. संकट टळले की सदका देतो. पण ज्या वर्षी काही मिळाले नाही आणि काही गेलेही नाही, त्या वर्षाचा शुक्र कसा अदा करायचा? रमजानभर हा प्रश्न माझ्या सोबतीला आहे.

पाच माणसांचे घर

सोलापुरात आमचे पाच माणसांचे घर आहे. सासूबाई, ज्यांना आम्ही सारेच अम्मा म्हणतो, माझे पती, मी, बारावीतली मुलगी आणि सातवीतला मुलगा. पतींचे यंत्रमागाच्या सुट्या भागांचे दुकान आहे. मी महाविद्यालयात शिकवते. वर्गात मराठी, घरात दखनी आणि वाचायला उर्दू, असा माझा दिवस तीन बोलींत जातो.

गेल्या वर्षात या घरात लग्न झाले नाही, बारसे झाले नाही. कुणाला रात्रभर दवाखान्यात ठेवावे लागले नाही. दुकान चालले, फार चांगले नाही आणि अगदी वाईटही नाही. मुलाच्या पायाला सायकलवरून पडून चार टाके पडले, ते आठवड्यात निघाले. अम्मांचा चष्म्याचा नंबर बदलला. मुलीने वर्षभर अभ्यास केला आणि परीक्षेच्या काही दिवसांत रोजाही धरला. नळाला काही दिवसांआड पाणी येत राहिले. आम्ही भांडी, पिंप, बादल्या भरत राहिलो. ज्वारीच्या भाकऱ्या थापल्या, शेंगांची चटणी कुटली. नातेवाईक आले, राहिले, गेले. सगळ्यांत मोठी बातमी म्हणजे घराला नवा रंग दिला.

आमच्या एका नातलग बाईंना फोनवर हे सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "मग काय विशेष नाही म्हणायचे." आपल्याकडे 'काही विशेष नाही' हे उत्तर थोडे खालच्या आवाजातच दिले जाते, जणू सांगण्याजोगे काही नसणे हा कमीपणा आहे. ज्यांनी विशेष घडलेली वर्षे पाहिली आहेत, त्यांना मात्र या तीन शब्दांची किंमत ठाऊक असते.

तेहतीस वर्षांचा फेरा

हिजरी वर्ष चंद्रावर चालते. ते ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असते, म्हणून रमजान दरवर्षी साधारण ११ दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे ३३ वर्षांत साऱ्या ऋतूंतून फिरून पुन्हा त्याच जागी येतो. यंदा २०२५ मध्ये रोजे मार्चमध्ये आले आहेत. याआधी ते असेच मार्चमध्ये आले होते १९९२ मध्ये. तेव्हा मी अकरा वर्षांची होते. त्या वर्षी पहिल्यांदा महिनाभराचे रोजे पूर्ण केले. सोलापूरचे मार्चमधले ऊन, शाळेतून परतताना कोरडा पडलेला घसा आणि मगरिबच्या अजानीकडे लागलेले कान, एवढीच माझी आठवण आहे. ते वर्ष त्या ईदपर्यंत तरी काही न घडलेलेच होते.

त्यानंतरचे वर्ष तसे राहिले नाही. १९९२ चा डिसेंबर आणि १९९३ चा जानेवारी. मुंबईत आमचे मामा राहत. त्यांच्याकडे फोन नव्हता, शेजारच्या दुकानात होता आणि ते दुकान बंद होते. अब्बा दिवसभर रेडिओजवळ बसत. अम्मीने चूल पेटवली की आम्ही मुले गपचूप जेवून उठत असू. नऊ दिवसांनी मामांचे पोस्टकार्ड आले. त्यावर खैरियतची ती ठरलेली ओळ होती आणि बाकी कार्ड कोरे होते. मामांना पुढे काही लिहायचे सुचले नसेल. अब्बांनी ते कार्ड दोनदा वाचले आणि सज्द्यात गेले. फेब्रुवारीत पुन्हा रमजान आला, तेव्हा नव्या कपड्यांचा विषय कुणी काढला नाही आणि आम्हा मुलांनाही तो काढावासा वाटला नाही.

त्याच वर्षी ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. सोलापुरातही घरे हादरली, माणसे रस्त्यावर आली. त्या पहाटे आमच्या गल्लीत कोण कुठल्या जातीचा, कुठल्या धर्माचा याची कुणाला शुद्ध नव्हती. ज्याच्या हाती कंदील होता, तो सगळ्यांचा होता.

पुढे संसार झाला, मुले झाली आणि २०२० उजाडले. त्या वर्षीचा रमजान टाळेबंदीत गेला. मशिदी बंद होत्या, तरावीह घरात पढली, ईदची नमाजही घरातच झाली. २०२१ चा रमजान एप्रिल-मेमध्ये आला, दुसऱ्या लाटेच्या ऐन तडाख्यात. त्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात माझे सासरे गेले. जनाज्याला मोजकी माणसे. अम्मांनी इद्दतचे चार महिने दहा दिवस पूर्ण केले. त्या काळात आमच्या घरी सांगण्यासारखे पुष्कळ होते. फोन सारखा वाजत असे आणि प्रत्येक वेळी कुणी ना कुणी काही ना काही सांगत असे. ती वाजणारी घंटा ज्यांनी ऐकली आहे, त्यांना फोन न वाजलेली दुपार केवढी मोठी देणगी आहे हे सांगावे लागत नाही.

थोड्या वैरणीवरचा बैल

उर्दूत आपण 'शुक्रिया' सहज म्हणतो, चहाचा कप हातात आला तरी म्हणतो. मूळ अरबी 'शुक्र' हा शब्द जरा खोल आहे. अरबी कोशकार त्याचा एक जुना वापर सांगतात. ज्या जनावराला थोडा चारा पुरतो आणि त्या थोड्या चाऱ्यावरही ज्याच्या अंगावर मांस धरते, तुकतुकी दिसते, त्या जनावराला 'शकूर' म्हणत. म्हणजे खाल्लेले अंगी दिसणे, हा शुक्राचा एक मूळ अर्थ. मिळाले ते लपले नाही, वाया गेले नाही, देहावर उमटले. याच्या उलट शब्द 'कुफ्र'. त्याचा मूळ अर्थ झाकणे. म्हणून उपकार विसरणाऱ्याला 'कुफ्रान-ए-नेमत' करणारा म्हणतात. मिळालेली नेमत त्याने झाकून टाकलेली असते.

हे मी अम्मांना वाचून दाखवले. त्यांचे बालपण बार्शीकडच्या खेड्यात, शेतकऱ्याच्या घरात गेले आहे. त्या लगेच म्हणाल्या, "कम खाको बी अच्छा दिखता, वैसा बैल नसीब से मिलता बेटा." कमी खाऊनही अंगाने भरलेला बैल नशिबाने मिळतो, हे त्यांनी बापाच्या गोठ्यात पाहिले होते. दुष्काळात कडब्याची पेंढी मोजून टाकावी लागे, तेव्हा घराण्याला तारून नेणारा बैल तोच. आणि भरल्या गोठ्यातही खंगत जाणारी जनावरे त्यांनी पाहिली होती. माणसांचेही तसेच आहे. कुणाच्या घरी नेमतींचा पाऊस पडतो आणि चेहऱ्यावर तक्रारीची सुरकुती कायम. कुणाकडे मोजके असते, पण ते त्याच्या बोलण्यात, वागण्यात, दुसऱ्याला देण्यात दिसते.

इमाम गजाली यांनी 'इह्या उलूमुद्दीन' या ग्रंथात सब्र आणि शुक्र या दोन गोष्टींसाठी मिळून एकच प्रकरण लिहिले आहे. शुक्राचे ते तीन भाग सांगतात. पहिला, ही नेमत कुणाकडून आली याचे ज्ञान. दुसरा, त्या ज्ञानातून मनाला होणारा आनंद. तिसरा, त्या आनंदातून घडणारी कृती. पहिल्या दोन पायऱ्या चढून थांबलो, तर ते समाधान होते, शुक्र अजून पुरा होत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) रात्री इतका वेळ नमाजीत उभे राहत की पाय सुजत. आपले सारे माफ झालेले असताना हे कष्ट कशासाठी, असे हजरत आयेशांनी विचारले, तेव्हा मी कृतज्ञ बंदा होऊ नको का, या आशयाचे उत्तर त्यांनी दिले. कृतज्ञता त्यांच्या पायांवर दिसत होती.

भूक आणि भीती

कुरआनात ११४ सूरा आहेत. त्यांपैकी 'कुरैश' ही सूरा अवघ्या चार आयतींची. लहानपणी मकतबमध्ये मुले ती लवकर पाठ करतात, कारण ती छोटी आहे. मक्केच्या कुरैश टोळीचे व्यापारी तांडे हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात सुखरूप प्रवास करत, त्याचा तिच्यात उल्लेख आहे. मग त्यांना सांगितले आहे की, ज्याने भुकेत अन्न दिले आणि भीतीपासून अभय दिले, त्या या घराच्या पालनकर्त्याची उपासना करा. इथे राज्य, खजिने, विजय यांची आठवण करून दिलेली नाही. दोन साध्या गोष्टी मोजल्या आहेत, भूक नसणे आणि भीती नसणे.

तिर्मिजीच्या संग्रहात एक हदीस आहे, तिचा आशयही असाच. सकाळी उठल्यावर ज्याला आपल्या माणसांत निर्धास्त वाटते, ज्याचे शरीर ठीक आहे आणि ज्याच्याकडे त्या दिवसापुरते अन्न आहे, त्याला जणू सारी दुनिया मिळाली. आमच्या घरच्या वर्षाला मी ही तीन मापे लावून पाहिली. तिन्ही भरली.

यातले पहिले माप, निर्धास्त असण्याचे, मला सर्वांत मोलाचे वाटते. गेल्या वर्षात मुलगी शिकवणीहून रात्री आठला एकटी परत येत होती आणि मी दारात उभी राहून वाट पाहत नव्हते. दुकानाचे शटर कुणाच्या सांगण्यावरून दुपारी खाली ओढावे लागले नाही. मोबाइलवर अफवा येतच होत्या. सुदैवाने आमच्या भागात त्या मोबाइलमध्येच राहिल्या, रस्त्यावर उतरल्या नाहीत. ज्या घरांना भीती कधी शिवलीच नाही, त्यांना हे मोजावेसे वाटणार नाही. आम्ही मोजतो. आणि या रमजानच्या सुरुवातीलाच गाझातल्या ढिगाऱ्यांमधून अंथरलेल्या लांबच लांब दस्तरखानाची छायाचित्रे ज्यांनी पाहिली, त्यांच्या हातातला खजूर क्षणभर तोंडाशी थांबला असेल. भिंत शाबूत असलेल्या घरात, पंख्याखाली, आपली सगळी माणसे समोर असताना इफ्तार करणे ही साधी गोष्ट राहिलेली नाही.

हिशेबाची वही

रमजान हा आमच्याकडे हिशेबाचाही महिना आहे. जकात वर्षातून कधीही देता येते, पण पुण्य अधिक म्हणून बहुतेक घरे ती याच महिन्यात काढतात. ज्याच्याकडे साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी, किंवा तितक्या मोलाची रोकड वा व्यापाराचा माल आहे आणि त्यावर एक चांद्रवर्ष उलटले आहे, त्याने चाळिसावा भाग, म्हणजे अडीच टक्के, गरजूंना द्यायचा. चांदी स्वस्त असल्याने अनेक उलेमा चांदीचे माप धरायला सांगतात, त्यामुळे अधिक घरे देणाऱ्यांत येतात. वर्ष चंद्राचेच धरायचे. इंग्रजी तारखेने मोजत राहिले, तर ३३ वर्षांत एका वर्षाची जकात बुडते. बाईच्या दागिन्यांची जकात तिच्यावर असते, नवऱ्यावर नाही. हनफी मतात वापरातल्या दागिन्यांवरही ती आहे. म्हणून आमच्या घरी दोन वह्या निघतात, दुकानाची त्यांची आणि दागिन्यांची माझी.

या हिशेबात मला दरवर्षी एक गोष्ट जाणवते. जकातीची अट 'वर्ष उलटणे' ही आहे. माल नुसता असून भागत नाही, तो वर्षभर तुमच्यापाशी सुखरूप राहावा लागतो. दवाखान्याच्या बिलात तो गेला नाही, कर्जफेडीत गेला नाही, जळला नाही, लुटला गेला नाही, घाईघाईने मोडावा लागला नाही. म्हणजे जकात हा एका अर्थाने शांत गेलेल्या वर्षावरचाच हक्क आहे. ज्याचे वर्ष शांत गेले नाही, ज्याच्या बांगड्या सराफाकडे गेल्या, त्याच्यावर जकात नाही. उलट, आता ती त्याला मिळायची आहे. माझ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मला इथे मिळाले. काही न घडलेल्या वर्षाचा शुक्र शरिअतने आमच्या मनावर सोडलेला नाही. त्याला माप दिले आहे, आणि ते माप दुसऱ्याच्या घरी पोचवायचे आहे.

अम्मांचे रोजे

यंदा आमच्या घरात एक गोष्ट मात्र पहिल्यांदाच झाली. अम्मांनी रोजे धरले नाहीत. वय ७६, मधुमेह, दिवसातून दोनदा इन्सुलिन. गेल्या रमजानला त्यांनी डॉक्टरांशी भांडून निम्मे रोजे धरले होते. यंदा शाबान महिन्यातच डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की, आता नाही, आणि पुढेही नाही. वयाच्या दहाव्या वर्षापासून जे शरीर पहाटे आपोआप जागे होते, त्याला हे ऐकवणे सोपे नव्हते. पहिल्या रोजाला त्या सहरच्या वेळी उठल्याच. आमच्यासोबत बसल्या, भाकरी वाढली, आणि आम्ही नियत केल्यावर पाण्याचा ग्लास त्यांनी उचलून दूर ठेवला. नऊ वाजता नात औषध आणि नाश्ता घेऊन गेली, तेव्हा त्यांनी पदर तोंडाशी धरला. साठ-पासष्ट वर्षांत रमजानच्या दिवसा त्यांनी सगळ्यांसमोर खाल्ले नव्हते.

ज्याला बरे होण्याची आशा नाही, अशा आजारी किंवा वृद्ध माणसाने प्रत्येक रोजापोटी एका गरिबाला दोन वेळ जेवू घालावे किंवा त्याचे मोल द्यावे, याला फिदिया म्हणतात. पैसे एकदम देऊन मोकळे होता आले असते. अम्मांनी ते मान्य केले नाही. मागच्या गल्लीत एक वृद्ध विधवा राहते. उभे आयुष्य विड्या वळल्या, बोटे वाकडी झाली आहेत. ती अजून रोजे धरते. अम्मा म्हणाल्या, तिला माझ्या हातचे जाऊ दे. तेव्हापासून रोज दोन डबे जातात, एक मगरिबच्या आधी आणि एक रात्री, सहरसाठी. भाजी अम्मा स्वतः निवडतात, फोडणी स्वतः घालतात, मीठ मात्र चाखायला मला बोलावतात, आणि माझा रोजा असल्याचे ध्यानात आले की नातवाला बोलावतात. नातवाचा रोजा असला तर अंदाजाने टाकतात. एके दिवशी मी विचारले, "अम्मा, तुमारेकू वाईट तो नै लगता?" (आमच्या दखनीत 'वाईट' असा बिनदिक्कत येतो.) त्या म्हणाल्या, "रोजा छूटा बेटा, रमजान थोडेच छूटा."

हदीस अशी आहे की, माणूस आजारी पडला किंवा प्रवासात असला, तर निरोगी असताना तो जी उपासना करत असे, तिचे पुण्य त्याच्या खाती लिहिले जात राहते. अम्मांना मी ही हदीस सांगितली. त्यांना ती आधीच ठाऊक होती.

हे सारे मी 'काही न घडलेल्या' वर्षाच्या शेवटाला लिहिते आहे, याची मला जाणीव आहे. शांत वर्ष आत कुठे तरी पुढच्या वर्षाकडे सरकत असते. अम्मांचे पुढचे रमजान किती, हे अल्लाह जाणे. मुलगी जूनमध्ये शिकायला कदाचित पुण्याला जाईल. दस्तरखानाभोवतीची पाच माणसे या महिन्यात पाच आहेत. म्हणून ती मोजून घ्यायची, आणि मोजताना उद्याच्या धास्तीने आजचा घास कडू करायचा नाही. सब्र आणि शुक्र एका प्रकरणात का येतात, हे मला पुस्तकापेक्षा अम्मांच्या त्या दूर ठेवलेल्या ग्लासाने अधिक समजावले.

ही शांतता कुणी राखली?

आणखी एक हदीस माझ्या मनात घर करून आहे. जो माणसांचे आभार मानत नाही, तो अल्लाहचेही आभार मानत नाही. याचा अर्थ मी असा घेते की, शांत वर्ष आकाशातून थेट अंगणात पडत नाही. ते अनेक हातांनी आणून दिलेले असते. पाणी सोडण्याचा वॉल्व्ह पहाटे तीनला फिरवणारा महापालिकेचा माणूस. पोरीला रात्री सुखरूप उतरवणारा रिक्षावाला. अम्मांच्या पायाची सूज पाहून वेळेत तपासण्या करायला लावणारे डॉक्टर. रमजानमध्ये परीक्षेच्या पर्यवेक्षणाची दुपारची पाळी न सांगता स्वतःकडे घेणाऱ्या माझ्या सहकारी बाई. आमच्या दोन्ही मुलांच्या तापात रात्री काढा घेऊन येणाऱ्या आणि आम्ही गावाला गेलो की आमचे पाणी भरून ठेवणाऱ्या समोरच्या काकू. अफवेचा मजकूर आला की तो पुढे न पाठवता खोडून टाकणारी दोन्हीकडची कितीतरी अनाम माणसे. यांच्यापैकी कुणीही बातमीत येत नाही. काही घडले नाही, यामागे यांचे कष्ट आहेत. या महिन्यात मी ठरवून यांतल्या एकेकाला भेटून किंवा फोन करून आभार मानते आहे. पाणी सोडणाऱ्या दादांना खजुराचा डबा दिला, तेव्हा ते गोंधळले. "ताई, तक्रार काय आहे?" असे त्यांनी आधी विचारले.

आणि जिथे वर्ष शांत गेले नाही, तिथे काय? अम्मांच्या डब्यांमुळे आम्हाला कळले की, त्या विधवेचा मुलगा ज्या कारखान्यात टॉवेलच्या मागावर होता, तो कारखाना बंद पडला आणि तो कामासाठी सुरतेला गेला. दोन मुले आजीपाशी आहेत. आमच्या घरापासून दोनशे पावलांवर हे वर्षभर चालू होते. तिला आम्ही रस्त्यात भेटत होतो, 'कैसे हो' म्हणत होतो आणि तीही 'अल्लाह का करम है' म्हणत होती. खैरियत विचारणे ही आपल्याकडे रीत आहे आणि खैरियत सांगणे ही सभ्यता. पण कधी कधी उत्तर मिळाल्यावरही दोन मिनिटे थांबावे लागते. डबा घेऊन गेलेला माझा मुलगा तिथे थांबला, त्या घरातल्या पोरांशी क्रिकेट खेळला, आणि घरी येऊन त्याने सगळे सांगितले. यंदाच्या जकातीची पहिली चिठ्ठी त्या घरची निघाली.

आता रमजानचे शेवटचे दहा दिवस आहेत. या दशकातल्या विषम रात्रींत शब-ए-कद्र शोधायची असते, हजार महिन्यांहून श्रेष्ठ असलेली एक रात्र. हजार महिने म्हणजे ८३ वर्षांहून अधिक, एक उभे आयुष्य. विजापूर वेशीत रात्री उशिरापर्यंत बाजार गजबजलेला आहे, शिरखुर्म्याच्या शेवया, चारोळ्या, बांगड्या यांची खरेदी चालू आहे. त्या गर्दीतून घरी येऊन लोक पुन्हा मुसल्यावर उभे राहतात. मागायला प्रत्येकाकडे काही ना काही आहे. मुलीला निकाल हवा आहे, दुकानाला थोडी बरकत हवी आहे. आम्हीही मागतो. पण मागण्याआधी थोडा वेळ नुसते मोजत बसावे, असे मी मुलांना सांगते. ज्या दारात यंदा रुग्णवाहिका थांबली नाही, जी खुर्ची रिकामी झाली नाही, जी रात्र झोपेत गेली, तेही मोजावे.

ईदच्या नमाजीला निघण्यापूर्वी प्रत्येक घराने माणशी फित्रा द्यायचा असतो, ठरावीक मापाचा गहू किंवा त्याचे मोल. आदल्या रात्री जन्मलेल्या बाळाचाही. ईदच्या दिवशी वस्तीत कुणी उपाशी राहू नये, हा त्याचा उद्देश. आमच्या घरी यंदा पाच फित्रे निघतील. गेल्या वर्षीही पाचच निघाले होते. पाकिटात पैसे घालताना आकडा तोच राहिला, यापरता मोठा शुक्र कुठला?

वाचकांपैकी ज्यांचे वर्ष शांत गेले, त्यांची ती शांतता अल्लाह कायम ठेवो आणि तिचा वाटा शेजाऱ्यापर्यंत पोचवण्याची बुद्धी देवो. ज्यांचे गेले नाही, त्यांच्या दारी येते वर्ष काही विशेष न घडलेले येवो. आमीन. आपणा सर्वांना येणाऱ्या ईदच्या मनापासून शुभेच्छा.